घरच्या संगणकासाठी मोठी हार्ड डिस्क : निवड, मांडणी आणि दुसरी प्रत

प्राथमिक शिक्षकाच्या घरी असलेला संगणक आता केवळ घरचा राहिलेला नाही. शाळेतील कार्यक्रमांची छायाचित्रे, पाठांच्या चित्रफिती, मुलांनी म्हटलेल्या कवितांची ध्वनिमुद्रणे, प्रश्नपत्रिका, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती आणि त्यांच्याच जोडीला घरातील लग्नकार्यांचे व्हिडिओ हे सर्व त्या एकाच यंत्रात साठत जाते. काही काळाने यंत्र ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगू लागते आणि मग शिक्षक तालुक्याच्या गावी जाऊन एखादी मोठी हार्ड डिस्क विकत आणतो. ती कोणती आणावी, आणल्यावर प्रथम काय करावे आणि तिच्यावर किती विसंबावे, अशा तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून बहुधा तोच विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखक सेवानिवृत्तीनंतर पुण्यास कर्वेनगरात राहतो. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली काढलेला आश्रम १९०० साली येथील माळावर एका झोपडीत आणला, ही हकीकत शिक्षकांस ठाऊक असेलच. त्याच कर्व्यांनी १९३६ साली, वयाची अठ्ठ्याहत्तरी गाठली असता, शाळा नसलेल्या खेड्यांकरिता ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. मुळशी व भोर तालुक्यांतील माझे जुने सहकारी कामानिमित्त पुण्यास आले म्हणजे आमच्या घरी येतात आणि पिशवीतून एखादी डिस्क काढून ‘गुरुजी, ही जरा बघा’ असे म्हणतात. त्यांतील निम्म्या डिस्का तोवर बंद पडलेल्या असतात. हा लेख मुख्यतः त्या निम्म्यांसाठी लिहिला आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. मुळशीतील एका वाडीवरच्या शाळेत असताना मी तेथील एका वृद्ध आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर मुद्रित केल्या होत्या. चार पावसाळ्यांत मिळून सुमारे अकरा तासांचे मुद्रण झाले होते. मोबाईलमधील जागा संपली, तेव्हा ते सर्व एका बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर घेतले आणि मोबाईलमधून पुसून टाकले. एके रात्री डिस्क चालू असताना तिच्या केबलमध्ये पाय अडकला आणि ती टेबलावरून खाली फरशीवर पडली. उंची अडीच फूटसुद्धा नसेल. त्यानंतर तिच्यातून टक्‌ टक्‌ असा आवाज तेवढा येऊ लागला. एका दुकानदाराने ती मुंबईस पाठवली आणि दोन महिन्यांनी ‘काही निघाले नाही’ असे सांगून परत दिली. आजी त्याआधीच्या श्रावणात वारल्या होत्या.

याच मुळशी भागातील दुसरे उदाहरण पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजात मुद्रित केल्या. ओव्या कागदावर उतरल्या, संगणकात भरल्या गेल्या, ध्वनिफितींचे अंकीय रूपांतर झाले. २०१७ पासून ‘पारी’ ही संस्था हा संग्रह लोकांपुढे ठेवीत आहे. संग्रहाचे दोन्ही आद्य कार्यकर्ते आज हयात नाहीत, तरी ओव्या ऐकू येतात. माझे अकरा तास आणि त्यांचा तो प्रचंड साठा यांत यंत्राच्या गुणवत्तेचा फरक नव्हता. माझ्यापाशी एकच प्रत होती, एवढाच फरक होता.

डिस्क आत कशी असते

विद्यार्थ्यांनी विचारल्यास सांगता यावे म्हणून हा भाग थोडा विस्ताराने देत आहे. हार्ड डिस्कच्या डबीत काच किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एका आसावर बसवलेल्या असतात. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तिच्या पृष्ठभागावरून एका बारीक दांड्याच्या टोकावरील ‘हेड’ फिरते आणि थरातील सूक्ष्म जागांना एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकत्व देते. या दोन दिशा म्हणजेच शून्य आणि एक. ग्रामोफोनच्या तबकडीशी याचे साम्य आहे, मात्र ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते आणि येथे हेड तबकडीस टेकता कामा नये. तबकडी फिरताना तयार होणाऱ्या वाऱ्याच्या थरावर ते तरंगते. त्या दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ कमी असते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने धावत असते. अशा स्थितीत डबी हिसकली किंवा पडली म्हणजे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

पहिली हार्ड डिस्क अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, यंत्राचे वजन एक टनाहून अधिक होते आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची होती. आज चार टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते आणि तिच्यात त्याच्या आठ लाख पट अक्षरे राहतात. ही प्रगती अचंबित करणारी आहे खरी, पण तिचा एक परिणाम असाही झाला की, एक डबी पडली असता पूर्वी गाडाभर कागदांचे झाले नसते एवढे नुकसान आता एका क्षणात होते.

किती मोठी घ्यावी

दुकानदार म्हणेल तेवढी घेऊ नये. हिशेब करावा. ए-४ आकाराचे एक पान तीनशे डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर त्यात २,४८० × ३,५०८ ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट लागतात, म्हणजे न दाबलेल्या एका पानास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. जेपीईजी पद्धतीने दाबल्यास तेच पान दोन-एक मेगाबाइटांत बसते. चांगल्या प्रतीचे, न दाबलेले स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६९० मेगाबाइट घेते. मोबाईलवरील नेहमीच्या एचडी व्हिडिओस मिनिटाला सुमारे १३० मेगाबाइट लागतात, म्हणजे तासाला पावणेआठ गिगाबाइट. यावरून दिसेल की, जागा खाणारी वस्तू व्हिडिओ ही होय. कागद व आवाज त्यामानाने अल्पसंतुष्ट आहेत. ज्या शिक्षकाचे काम मुख्यतः छायाचित्रे, दप्तर आणि आवाज यांचे आहे त्यास दोन टेराबाइट पुष्कळ झाले. स्नेहसंमेलनांचे चित्रीकरण करणाऱ्याने चार घ्यावे. त्याहून अधिक लागणारा शिक्षक माझ्या पाहण्यात क्वचितच आला.

दर टेराबाइटमागे पाहिले तर मोठी डिस्क बहुधा स्वस्त पडते आणि दुकानात याच गोष्टीचा मोह होतो. पण आठ टेराबाइटची एक डिस्क घेण्याऐवजी चार टेराबाइटच्या दोन घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे कमी असतील तर दोन टेराबाइटच्या दोन घ्याव्यात. जागा निम्मी झाली असे वाटेल, परंतु ज्यास एकच डिस्क आहे त्याच्याजवळील माहिती साठवलेली नसून टांगलेली आहे असे मी समजतो.

पहिल्याच दिवशी पुष्कळांची तक्रार येते की, डिस्कवर चार टेराबाइट छापले आहे आणि संगणक ३.६३ दाखवतो, तेव्हा दुकानदाराने फसवले. तसे नाही. बनवणारा टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात असे धरतो, तर विंडोज १,०२४ ने चार वेळा भागते. मापे दोन आहेत, वस्तू एकच आहे. जुना शेर आणि किलो यांचा घोळ ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे त्यांना हे चटकन उमगेल.

निवडताना

बाहेरून जोडावयाच्या डिस्का दोन मापांत मिळतात. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते, खिशात मावते आणि म्हणूनच अधिक पडते. साडेतीन इंची डिस्कला वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो. ती एका जागी ठेवावयाची वस्तू आहे. घरी टेबलाचा संगणक असेल तर साडेतीन इंची डिस्क त्याच्या पेटीतच सॅटा केबलने बसवणे सर्वांत उत्तम, कारण ती पडण्याचा संभव राहत नाही. साठवणीच्या कामास मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क पुरते. ती कमी तापते आणि आवाजही कमी करते.

एक बाब खोक्यावर ठळक छापलेली नसते, ती विचारून घ्यावी. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत चुंबकीय पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. कौलांमुळे तेवढ्याच जागेत अधिक मावते, पण मधले एक कौल बदलावयाचे तर आजूबाजूची उचलावी लागतात. तद्वतच एसएमआर डिस्कवर एकदा लिहून ठेवलेले वाचणे सुलभ असते, पण वारंवार पुसून लिहू लागल्यास ती फार मंदावते. काही डिस्का या पद्धतीच्या असूनही तसे न सांगता विकल्या गेल्या, हे २०२० साली उघड झाले आणि मग बनवणाऱ्यांनी याद्या प्रसिद्ध केल्या. त्या याद्यांत डिस्कचा मॉडेल क्रमांक पाहावा. दुसऱ्या प्रतीसाठी एसएमआर डिस्क चालेल, रोजच्या कामास सीएमआर घ्यावी. अडीच इंची मोठ्या डिस्का बहुतेक एसएमआरच असतात हेही लक्षात असावे.

एसएसडी या प्रकारात फिरणारे काहीच नसते. ती वेगवान आणि धक्का सोसणारी आहे, म्हणून संगणकाची मूळ प्रणाली तिच्यावर अवश्य ठेवावी. परंतु तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने असते आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास तो भार क्षीण होण्याचा संभव असतो. किंमतही अधिक. दीर्घकालीन साठ्यास अद्याप फिरती तबकडीच बरी.

अगदी स्वस्तात ‘१६ टेराबाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चपट्या डब्यांपासून दूर राहावे. त्यांतील पुष्कळांत लहानसे मेमरी कार्ड बसवून संगणकास खोटी संख्या दाखवण्याची युक्ती केलेली असते. डबी भरताना तक्रार करीत नाही. नव्या फायली जुन्यांवर चढत जातात आणि उघडावयास गेल्यावरच सारे ध्यानात येते. एका शिक्षकभगिनींच्या मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ असे गेले. तेव्हा पावती मिळेल तेथूनच घ्यावे आणि अनुक्रमांक बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर घालून हमीची मुदत पाहावी.

घरी आणल्यावर

नवी डिस्क आणली की तिच्यावर लगेच फायली ओतू नयेत. प्रथम तिची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रॅमने ती वाचता येते. तिच्यातील ‘चालू राहिल्याचे तास’ ही नोंद नव्या डिस्कवर शून्य किंवा दोन-चार असावी. तेथे काही हजार तास दिसले तर डिस्क वापरलेली आहे, ती परत करावी. निकामी होऊन बदललेल्या जागांची संख्या आणि बदलाच्या प्रतीक्षेतील जागांची संख्या या दोन्ही शून्य असाव्यात. या संख्या पुढे कधी वाढू लागल्या तर डिस्क थकली असे समजून त्याच दिवशी माहिती हलवावी. मात्र ही नोंदवही स्वच्छ असतानाही डिस्का अचानक बंद पडतात, म्हणून तिचा दाखला म्हणजे आयुष्याची हमी मानू नये.

नंतर डिस्क मांडावी, म्हणजे तिचे विभाग पाडून फॉरमॅट करावी. विंडोज येथे एमबीआर की जीपीटी असा प्रश्न विचारते. एमबीआर ही जुनी पद्धत असून तिला साधारण २.२ टेराबाइटच्या पुढे मोजताच येत नाही. चार टेराबाइटची डिस्क तिच्यावर मांडल्यास उरलेली जागा फुकट जाते. म्हणून जीपीटी निवडावी. फाईल-व्यवस्थेचे नाव विचारल्यास, डिस्क विंडोजवरच राहणार असेल तर एनटीएफएस घ्यावे. शाळेतील टीव्हीला किंवा निरनिराळ्या यंत्रांना जोडावयाची असेल तर एक्सफॅट सोयीचे, पण लिहिताना मध्येच वीज गेली तर ते कच्चे पडते. फॅट-३२ घेऊ नये. त्यात चार गिगाबाइटहून मोठी फाईल मावत नाही आणि स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ नेमका तेथे अडतो.

फॉरमॅट करताना ‘क्विक’ या शब्दापुढील खूण काढून टाकावी. मग संगणक डिस्कच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत लिहीत जातो आणि दोष असल्यास तेव्हाच कळतो. चार टेराबाइटला सेकंदास दीडशे मेगाबाइट या वेगाने साडेसात तासांच्या जवळपास लागतात, आणि जुन्या यूएसबी २ च्या खाचेत जोडल्यास दीड दिवसाच्या आत बाहेर. त्या अवधीत वीज जाणे बरे नव्हे. सबब टेबलाच्या संगणकास लहानसा यूपीएस असावा. त्याचा खर्च डिस्कच्या खर्चातच धरावा, ती चैन नव्हे.

डिस्कला नाव द्यावे आणि तेच नाव खरेदीच्या तारखेसह चिकटपट्टीवर लिहून डबीवर लावावे. आमच्या घरी ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशी नावे आहेत. फोल्डरांची नावे वर्षापासून सुरू करावीत, जसे ‘२०२३-०८-१५ ध्वजवंदन’, म्हणजे ती आपोआप कालक्रमाने लागतात. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ आणि ‘खरोखरचे नवीन’ अशी नावे मी पाहिली आहेत. त्यांच्या मालकांस स्वतःच्याच घरात वाट सापडत नव्हती.

जुन्या मराठी फायलींविषयी एक सूचना येथेच करतो. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरे होऊन दिसतो. फाईल सुरक्षित राहिली आणि वाचता आली नाही तर राखून उपयोग काय? असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ फाईलशेजारी ठेवावा, आणि एक पीडीएफ प्रतही करावी.

दुसरी प्रत आणि तिची जागा

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दोन डिस्का असलेली एक पेटी मिळते. तिच्यात एका डिस्कवर लिहिलेले दुसरीवर त्याच क्षणी उतरते. या पद्धतीस ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती नाव देऊन मांडली. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, हा तिचा गुण. पण चुकून फाईल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. विषाणूने कुलूप घातले तर दोन्हींना घातले जाते. पेटी चोरीस गेली तर दोन्ही जातात. ‘रेड’ हा आरसा आहे आणि आरशातील मुलाला हजेरीपटावर घेता येत नाही. घरगुती वापरास ही पेटी घेऊ नये, त्याच पैशांत सुटी दुसरी डिस्क घ्यावी.

ती दुसरी डिस्क संगणकास कायम जोडून ठेवू नये. आठवड्यातून एक दिवस, आमच्याकडे रविवारी, जोडावी, नव्या फायली उतरवाव्यात, ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी आणि कपाटात ठेवावी. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली, तेव्हा ज्यांची प्रत केबलपासून सुटी होती ते निभावले. फायली उतरवण्यासाठी फ्रीफाईलसिंक हा विनामूल्य प्रोग्रॅम सोपा आहे. त्यात ‘मिरर’ हा पर्याय वापरताना कोणती बाजू मूळ आणि कोणती नक्कल हे दोनदा पाहावे. दिशा उलटली तर रिकामी डिस्क भरलेलीला आपल्यासारखी करून टाकते! निदान पहिले सहा महिने न पुसणारा पर्यायच वापरावा.

उतरले ते बरोबर उतरले की नाही, हे कसे समजावे? गणितात गुणाकार केल्यावर आपण नवाचा ताळा घेतो. संगणकातही तसाच ताळा आहे, त्यास ‘हॅश’ म्हणतात. फाईलमधील सर्व अंकांवर ठरावीक क्रिया करून एक संख्या काढतात. एक अक्षर जरी बदलले तरी ती संख्या बदलते. मूळ आणि नक्कल यांची संख्या जुळली की प्रत खरी. नवाचा ताळा कधीकधी चुकीच्या उत्तरासही जुळतो, पण हा ताळा तसा फसण्याचा संभव व्यवहारात धरावयास नको. हे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी निदान दर दिवाळीच्या सुटीत दुसऱ्या डिस्कवरील वीस-पंचवीस फायली निवडून उघडून पाहाव्यात, आणि त्यांत दोन-तीन मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावेत.

पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने यासंबंधी एक नियम लोकप्रिय केला आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. यांतील शेवटचे कलम आमच्याकडे कुणी गंभीरपणे घेत नाही. कर्वेनगराच्या कडेने मुठा वाहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांत किती घरांची दप्तरे, सनदा, पत्रे आणि छायाचित्रे चिखलात गेली याची गणती नाही. ही गोष्ट जुनी झाली असे वाटत होते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडील शाळांनीही हेच सोसले. संगणक तळमजल्यावर आणि त्याची दुसरी प्रत त्याच खोलीतील कपाटाच्या खालच्या खणात असेल, तर नदीला त्या दोन्ही एकच आहेत.

म्हणून आमची ‘क’ डिस्क भोरला भाच्याकडे माळ्यावरच्या पेटीत असते. आम्ही दिवाळीत व उन्हाळ्यात ती आणतो, नवे उतरवतो आणि परत पाठवतो. एका केंद्रातील दोन शिक्षकांनी शिक्षण परिषदेच्या दिवशी आपापल्या डिस्का अदलाबदल करण्याची पद्धत पाडली आहे. ती मला फार आवडली. तिला खर्च काहीच नाही. मुळशी, भोर यांसारख्या पावसाच्या मुलखात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पावसाळ्यात गार डिस्क पिशवीतून काढताक्षणी चालू करू नये. इंटरनेटवरील साठ्याचा उपयोग थोड्या पण मोलाच्या फायलींसाठी अवश्य करावा. सर्व काही तेथे चढवू म्हटले तर, सेकंदास दहा मेगाबिट चढवणाऱ्या जोडणीवर एक टेराबाइटला अखंड नऊ दिवस लागतात, आणि वाडीवर ती जोडणी अखंड असते असे कोण म्हणेल?

शाळेच्या दप्तराविषयी सावधगिरीचे दोन शब्द. जनरल रजिस्टर हे कायमचे जतन करावयाचे दप्तर आहे. त्याची स्कॅन केलेली प्रत मूळ वहीची जागा घेत नाही. मुख्याध्यापकांच्या लेखी अनुमतीने ती करावी आणि शाळेच्या डिस्कवर, शाळेच्याच ताब्यात राहावी. मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा आणि बँकेचे तपशील असलेल्या फायली शिक्षकाच्या घरच्या संगणकात पडून राहणे योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आता झाला आहे, आणि अधिनियम नसता तरी पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती आपण चव्हाट्यावर ठेवली नसती. अशी माहिती बाहेर न्यावीच लागली तर डिस्कला बिटलॉकरसारखे कुलूप घालावे आणि त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावा. तो हरवला तर डिस्क उघडणे अवघड होऊन बसते. डिस्क मोडीत देताना ती पूर्ण पुसावी. बंद पडली असल्यास पेटी उघडून तबकड्यांची मोडतोड करावी. मुलांना त्या चकचकीत तबकड्या आणि आतील शक्तिशाली चुंबक फार आवडतात, विज्ञानाच्या कोपऱ्यात ते ठेवता येतील. (काचेच्या तबकड्यांचे तुकडे उडतात, सबब हे काम शिक्षकांनी स्वतः, कापडात गुंडाळून करावे.)

पाच वर्षे झालेली डिस्क चालू असली तरी तिला मुख्य कामावरून निवृत्त करावे. ‘चालतेय ना?’ हा प्रश्न मला पुष्कळदा ऐकू येतो. माझीही चालत होती.

इयत्ता सातवी व आठवीच्या वर्गास पुढील उदाहरणे घालता येतील. संख्या मुलांनी स्वतः मांडाव्यात, गणकयंत्र शेवटी द्यावे.

आठ टेराबाइट छापलेल्या डिस्कवर विंडोज किती टेराबाइट दाखवील? (८ × १०१२ या मांडणीतील १२ हा घातांक असून, त्या संख्येस १,०२४ ने चार वेळा भागावे. उत्तर ७.२७ च्या सुमारास.)

जनरल रजिस्टरची ४०० पाने, दर पानास २६ मेगाबाइट, अशी न दाबता साठवल्यास किती गिगाबाइट लागतील, आणि चार टेराबाइटच्या डिस्कवर अशी किती रजिस्टरे राहतील? (सुमारे १०.४ गिगाबाइट, साधारण ३८४ रजिस्टरे.)

एका आजींच्या ओव्या तासाला ६९० मेगाबाइट या प्रमाणे अकरा तास मुद्रित केल्या. त्यांच्या तीन प्रती ठेवण्यास एकूण किती जागा लागली असती? (सुमारे २२.८ गिगाबाइट. बत्तीस गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावेल एवढी.)